चार वाजताची सावली

१

दुपारची जेवणं झाली की ताईच्या दोन गोळ्या. मग पाण्याचा ग्लास तिच्या हाताला लागेल असा ठेवायचा, पायांखाली उशी सरकवायची आणि मागच्या खिडकीचा पडदा अर्धा उघडायचा. पूर्ण उघडला तर ती म्हणते, "मला काय दुकानाच्या काचेत मांडलंयस?" आणि बंद राहिला तर म्हणते, "पडदा टाकायला अजून मेले नाहीये मी." म्हणून अर्धा.

ताईला सहावा महिना चालू होता आणि चौथ्यापासून ती अंथरुणावर होती. माझ्यामुळे.

हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना घशात अडकणार नाही. मी सुट्टीत ताईकडे राहायला आले होते. न्हाणीघरात खुंटीवरचा टॉवेल घसरून माझ्या मानेवर पडला. एवढंच झालं. पण मी अशी किंचाळले की वरच्या मजल्यावरची ताई जिन्यावरून धावत सुटली, आणि शेवटच्या तीन पायऱ्या ती बसूनच खाली आली. बाळ वाचलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता हिला उठवायचं नाही, हलवायचं नाही, दचकवायचं तर मुळीच नाही. भावजी मला एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त त्या रात्री त्यांनी घरातल्या सगळ्या खुंट्या घट्ट केल्या.

मी तिथेच राहिले. लहानपणापासून ताई मला दचकू म्हणते. त्या दिवसानंतर कित्येक महिने तिनं ती हाक मारली नाही, आणि मला ते फार लागलं.

तिला खाली, मागच्या खोलीत हलवलं होतं. खिडकीबाहेर अंगण होतं, पण नावालाच. एका बाजूला गोदामाची भिंत, दुसऱ्या बाजूला छापखान्याची, समोर चार मजली इमारतीची पाठ. मधे ओली काळी माती आणि शेवाळ. ताईनं तीन महिने हेच बघायचं? मी वनस्पतीशास्त्राची पदवी घेतलेली मुलगी. म्हटलं, निदान एवढं तरी करू.

२

रोपवाटिकेतल्या काकूंची एक पद्धत होती. सावलीतल्या जागेसाठी रोप मागायला गेलं की त्या हात हलवत आणि म्हणत, "आधी सावली मोजून आण."

म्हणजे असं. दिवसभर दर दोन तासांनी अंगणात जायचं, सावलीची कड जिथे असेल तिथे चुन्याची पांढरी फक्की टाकायची, आणि ती रेघ आलेखाच्या कागदावर उतरवायची. आठची, दहाची, बाराची, दोनची, चारची. कोणत्या कोपऱ्यात किती वेळ ऊन टिकतं ते त्यावरून कळतं. काकू म्हणायच्या, लोक जागा बघून रोपं लावतात आणि जागा तर दिवसातून पाच वेळा बदलते.

मी मन लावून नकाशा केला. काम होतं, हात गुंतलेले होते, बरं वाटत होतं.

काकूंनी चष्मा वर सरकवून कागद पाहिला. "ऊन अकरा ते एक. तेही पूर्वेच्या पट्ट्यात. ठीक आहे." मग त्यांचं बोट थांबलं. "ही कुणाची?"

अंगणाच्या मध्यापासून जरा पलीकडे मी एक लांबट आकार काढला होता. बाजूला लिहिलं होतं, चार.

"शेजारच्या टाकीची असेल."

"अगं, दोननंतर सगळं अंगण सावलीत जातं, तूच लिहिलंयस. सावलीवर सावली कशी पडेल?"

मी कागद बघत राहिले. रेघ माझ्याच हातची होती. चार वाजता मी अंगणात गेले होते, जमिनीवर एक भाग जास्त काळा दिसला होता आणि मी त्याच्या कडेनं फक्की टाकली होती. सकाळपासून तेच करत होते, म्हणून तेही केलं. काळं दिसलं, रेघ मारली.

"ओल असेल," मी म्हटलं.

"असेल," काकू म्हणाल्या आणि रोपांच्या ट्रेकडे वळल्या.

पाटीवर 'सेडम' लिहिलं होतं, पण काकू तिला चिवटी म्हणत. बोटभर उंचीची, जाड रसाळ पानांची, जमिनीला धरून पसरणारी. "मोड, टोच, विसरून जा," त्यांनी सांगितलं. "पाणी कमी घाल, नाहीतर कुजेल. खरं तर ही उन्हाची. ही जात सावलीत जगते, पण नाराजीनं. लांबुडकी होईल, फिकी पडेल. उन्हात पानांच्या कडा लाल होतात, ते सुख तुला नाही. आधीच सांगते, मग माझ्याकडे रडत येऊ नकोस."

तीन ट्रे घेतले. अंगणभर टोचले. चारच्या आकारातही टोचले, कारण जागा रिकामी कशाला ठेवायची.

३

तीन आठवड्यांत चिवटी रुजली. काकूंनी सांगितलं होतं अगदी तशीच, लांब माना काढलेली, फिकट, पानापानांत अंतर पडलेली. ताई खुश होती. "चला, काहीतरी माझ्यापेक्षा अशक्त दिसतंय," ती म्हणाली.

फक्त मधला भाग तसा नव्हता.

तिथली चिवटी आखूड आणि घट्ट होती. पानं गच्च भरलेली, आणि त्यांच्या कडा लाल.

मी गुडघ्यांवर बसून बराच वेळ पाहिलं. शास्त्र शिकलेल्या माणसाचं पहिलं काम म्हणजे कारणं काढणं. चुन्याचं प्रमाण कमीजास्त असेल. मातीत जुना राडारोडा असेल. रोगानंही पानं लाल होतात. कुठल्यातरी काचेवरून ऊन परतत असेल. हे शेवटचं मला पटलं, आणि मी समोरच्या इमारतीत काच शोधायला लागले. ती इमारतीची पाठ होती. एकही खिडकी नव्हती.

मग मी चार वाजायची वाट पाहिली.

ती आली. सरकत सरकत नाही आली. नव्हती, आणि मग होती. कवडसा असतो तशी, पण उलटी, उजेडाच्या जागी काळी. सगळं अंगण राखी दिसत होतं आणि तेवढा तुकडा गडद. कडा स्वच्छ, जणू कुणी कापून ठेवली होती. वर पाहिलं. आभाळ ढगाळ. टाकी नाही, तार नाही, फांदी नाही. वीस मिनिटांनी ती गेली.

मी तोंडावर हात दाबून उभी होते, हे मला नंतर कळलं. खिडकीतून ताई म्हणाली, "काय गं, पाल दिसली का?"

"नाही. शिंक येत होती."

४

मधल्या भागातला एक कोंब मी काकूंकडे नेला. त्यांनी तो तळहातावर फिरवला, पान दाबलं, नखानं कड खरवडली.

"ही अंगणातली नाही."

"आहे, काकू."

"ही गच्चीवरची आहे. दिवसभर रणरणत्या उन्हात वाढलेली. तीस वर्षं हेच करतेय मी, मला बनवू नकोस." मग माझ्याकडे नीट बघून त्यांचा आवाज मऊ झाला. "तुझी झोप होते ना नीट?"

हाच तर प्रश्न होता. मला स्वतःवर भरवसा नव्हता. मी अशी मुलगी आहे की हँगरवरचा कोट पाहून दोनदा सॉरी म्हटलंय. पण चिवटी काही दचकत नाही. तिला कोट आणि माणूस यांतला फरक कळायची गरजच नाही. तिला एकच गोष्ट कळते, ती म्हणजे उजेड. उजेड मिळाला तर आखूड, घट्ट, लाल. नाही मिळाला तर लांब मान काढून तिकडे झुकायचं.

घरी येऊन मी बाकीच्या रोपांकडे पाहिलं. आत्तापर्यंत मी मधलीच बघत होते.

सगळी झुकलेली होती. अकरा ते एक ऊन येतं त्या पूर्वेच्या पट्ट्याकडे नाही, वर आभाळाकडेही नाही. चारी बाजूंनी मधल्या भागाकडे. शेकोटीभोवती माणसं बसावीत तशी.

म्हणजे आम्हाला जे काळं दिसत होतं, ते त्यांना ऊन होतं. हे वाक्य मी वहीत लिहिलं आणि लगेच खोडलं. मग पुन्हा लिहिलं.

त्या आठवड्यात मी चारची कड रोज दोऱ्यानं मोजली. नकाशा केला तेव्हा ती ताईच्या खिडकीपासून सहा पावलांवर होती. आता चार पावलांवर आली होती. सूर्य सरकतो, सावल्याही सरकतात, ऋतू बदलतो. मी हिशेब मांडून पाहिला. ऋतूप्रमाणे ती उलट दिशेला जायला हवी होती.

५

भावजींना सांगायचं ठरवलं. ते कामावरून साडेसहाला येतात, बूट काढतात आणि आधी मागच्या खोलीत डोकावतात. त्यानंतर मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. कागद, दोरा, लाल कोंब, सगळं टेबलावर मांडलं. मी भराभर बोलले. ऐकताना मलाच ते वेड्यासारखं वाटलं.

"मग काय करायचं म्हणतेस?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"ताईला पुढच्या खोलीत हलवूया."

"डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय?"

"हलवायचं नाही."

"मग मी त्यांना काय सांगू? झाडं वाकडी वाढली म्हणून हलवली?" ते रागावले नव्हते, नुसते दमलेले होते. त्यांनी कागदाची नीट घडी घालून माझ्या हातात दिली. "तू खूप करतेस तिच्यासाठी. मला दिसतं ते. फक्त यातलं काही तिच्या कानावर घालू नकोस. एवढं कर."

मी मान हलवली. त्यांचं चुकत नव्हतं. समजा माझाच भ्रम असेल, आणि त्यापायी ताईला उचललं, आणि काही झालं? आणि समजा भ्रम नसेल, तर हे ऐकून ताई दचकणारच. दोन्हीकडून पाहिलं तरी गप्प बसणंच बरोबर ठरत होतं. त्यामुळेच मला गप्प बसायची जास्त भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी ताईनं कुंडी मागितली. "तुझी ती आजारी मंडळी लांबून बघून कंटाळा आला. एक आण इथे, खिडकीत ठेव." मी कडेची, फिकट चिवटी एका लहान कुंडीत लावून खिडकीत ठेवली. खिडकीतलं रोप काचेकडे झुकतं. म्हणून कुंडी रोज अर्धी फिरवावी लागते, नाहीतर ते एकीकडे वाकतं.

चौथ्या दिवशी पाहिलं तर ते आत झुकलं होतं. खोलीकडे.

"ताई, कुंडी तू फिरवलीस?"

"हो ना. डोळ्यांनी फिरवली. मला उठायची परवानगी आहे का, दचकू?"

तिनं दचकू म्हटलं. इतक्या महिन्यांनी. मला हसू आलं आणि रडूही, त्यामुळे कुंडीकडे पुन्हा बघायचं राहून गेलं. नंतर मी ती फिरवली. सकाळी रोप परत आत बघत होतं. मी पुन्हा फिरवली.

"काय चाललंय तुझं? नांदू दे की त्याला," ताई म्हणाली. तीही त्याच बाजूला वळून झोपली होती. खिडकीकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड. आधी तर तिला खिडकीच हवी असायची.

"पडदा उघडू?"

"कशाला? छान आहे की. ऊबदार."

६

त्या दिवशी सकाळी नऊला मी खुरपं घेतलं आणि मधला भाग उपटून काढला. सगळा. लाल चिवटी मुळांसकट पोत्यात भरली, तुटून पडलेली पानंही वेचली, कारण तिचं पान पडलं तिथे नवं रोप उभं राहतं. वीतभर माती खणली. खाली माती होती, मग दगड, मग माती. काही नव्हतं. काय असायला हवं होतं, तेही मला माहीत नव्हतं. पोतं मी स्वतः ओढत नेऊन कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या मोठ्या पेटीत टाकलं.

माझ्या नखांत माती होती, पाठ दुखत होती, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदाच मला भूक लागली.

पावणेचारला मी अंगणात उभी राहिले. चार वाजले. चार वाजून पाच. दहा. खड्डा राखी दिसत होता, बाकीच्या अंगणासारखाच. मी चक्क हसले. एवढं सोपं होतं. रोप काढलं, सावली गेली. उलटं कारण असू शकतं, हे माझ्या मनातही आलं नाही. ती रोपांमुळे तिथे येत नव्हती, इतके दिवस रोपांमुळे तिथे अडून होती, हा विचार मी नंतर केला. आणि तोही खरा आहे का, मला माहीत नाही.

कडेला उरलेल्या रोपांकडे माझं लक्ष गेलं. खड्ड्याच्या चारी बाजूंची. सकाळी ती खड्ड्याकडे झुकलेली होती. आता सगळ्यांच्या माना एकाच बाजूला होत्या. कवायतीसारख्या.

खिडकीतून ताईचा आवाज आला. "अगं, ऐकतेस का? पडदा ओढ जरा. ऊन येतंय डोळ्यांवर."

७

मी धावले नाही. या घरात मी धावत नाही. चप्पल काढली, हात धुतले, मागच्या खोलीचं दार हळूच लोटलं.

ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. डोळे मिटलेले, हाताचा तळवा कपाळावर आडवा धरलेला, बसस्टॉपवर माणसं धरतात तसा. तिच्या तोंडावर, गळ्यावर, पांघरुणाखालच्या पोटावर ती पडली होती. काळी, स्वच्छ कडांची. एवढ्या जवळून मी ती पहिल्यांदाच पाहिली. त्या काळ्यात चादरीची प्रत्येक सुरकुती दिसत होती. बाहेरच्यापेक्षा जास्त स्पष्ट.

"ओढ ना," ताई म्हणाली.

मी खिडकीचा पडदा ओढला. खोली अंधारली. ताईच्या अंगावरचा तुकडा होता तसाच राहिला.

"तो नाही गं. इकडचा." आणि तिनं डोळे न उघडता पलंगाच्या दुसऱ्या बाजूला हात केला. तिकडे भिंत आहे. भिंत आणि पलंग यांच्यात एक माणूस उभा राहील एवढी फट.

किंकाळी माझ्या गळ्यापर्यंत आली होती. ती मला ओळखीची आहे, तिचं वजन मला माहीत आहे. आणि खिडकीतल्या कुंडीवर नजर पडली तेव्हा ती आणखी वर आली. रोपाच्या पानांच्या कडा लाल झाल्या होत्या.

"काय झालं?" ताईनं विचारलं. आवाजात झोप होती, आणि झोपेमागे ती एक गोष्ट, जी त्या जिन्यापासून तिच्या आवाजात असायची. पोटावर तिचा दुसरा हात गेला. "दचकू? काय आहे?"

"काही नाही," मी म्हटलं. "इकडचा ओढते."

मी पलंगाला वळसा घातला आणि फटीत शिरले. भिंतीकडे पाठ केली. ताई आणि ते, यांच्यामध्ये उभी राहिले.

पाठीवर ऊन लागलं. दुसरा शब्द नाही. ब्लाउजच्या शिवणीवर, मानेवर, केसांच्या मुळांत भर दुपारचं ऊन. माझ्या पाठीला भिंत टेकायला हवी होती. टेकली नाही.

समोर पांघरुणावर माझी सावली पडली. ती उजळ होती. त्या काळ्यात माझं डोकं, माझे खांदे, दंड, सगळं खोलीच्या नेहमीच्या उजेडाच्या रंगाचं. ताईचं तोंड माझ्या सावलीत आलं आणि मला पुन्हा ते दिसलं, साधं, दमलेलं, नाकाच्या शेंड्यावर घाम आलेलं.

"हां," ती म्हणाली. "आता बरं." आणि कपाळावरचा हात खाली घेतला.

पण तिचं पोट अजून काळ्यात होतं. माझी सावली तिथवर पुरत नव्हती. पांघरूण तिथे आतून जरासं हललं, एकदा, मग पुन्हा. बाळ वळत होतं. कोणत्या बाजूला, ते मी पाहिलं.

मी तसूभर सरकले. पोट झाकलं गेलं. आता तोंड उघडं पडत होतं. परत सरकले. दोन्ही एकदम झाकेल एवढी मी नाही.

घड्याळात चार वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. एव्हाना ती जायला हवी होती. भावजी साडेसहाला येतात.

मग पांघरुणावरची माझी सावली रुंद व्हायला लागली. आधी डावीकडून. मी हात उचलला नव्हता. माझ्या खांद्याच्या रेघेबाहेर आणखी एक रेघ आली, जरा वर, जरा तिरकी, जशी माझ्या पाठीमागे अगदी जवळ कुणीतरी वाकून, माझ्या खांद्यावरून ताईकडे बघतंय. माझ्या आणि उन्हाच्या मधे. पाठीवरचं ऊन तेवढ्या भागात गेलं आणि तिथे गार लागलं. ताईचं पोट त्या दुसऱ्या सावलीत पूर्ण झाकलं गेलं. बाळ थांबलं.

ते झाकायला आलं होतं की बघायला, हे मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

"किती वाजले गं?" ताईनं विचारलं. तिचे डोळे मिटत होते.

"वाजतील आता," मी म्हटलं. आवाज सरळ निघाला. "तू झोप. मी आहे इथेच."

"बस की मग. उभी का?"

"अशीच."

तिचा श्वास लांब झाला. मी मागे वळले नाही. माझ्या केसांत, मानेच्या थोडं वर, दुसरा एक श्वास तिच्याच लयीत चालू झाला, आणि मी खांदे जमतील तेवढे रुंद केले.